वहीतले आकडे

"१२ मे १९९०, शनिवार. चकी एग. १,०४,८७०. ताई."

आमच्या व्हिडिओ गेमच्या स्कोअरच्या वहीत सातव्या पानावर ही नोंद आहे. चकी एग हे गेमचं नाव. खाली ताईची सही आणि साक्षीदार म्हणून दादाची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. खेळण्यात माझा नंबर शेवटी लागायचा, पण वही सांभाळायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मनापासून करत असे. गेले आठ महिने मी ह्या आणि अशा ६३ नोंदींच्या मागे आहे. त्या खऱ्या ठरवायच्या तर काय काय करावं लागतं, ते इथे लिहितो.

वही का ठेवावी लागली, ते आधी सांगतो. बाबांनी घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस हा संगणक आणला होता. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२मध्ये आला, आणि त्याच्या प्लस मॉडेलची परवाना घेतलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स नावाच्या कंपनीने १९८८मध्ये बाजारात आणली. ४८ किलोबाइट मेमरी, डिस्क नाही, गेम कॅसेटवरून चढवायचा. चकी एगमध्ये स्कोअरची यादी असते, नावही टाकता येतं, पण ती यादी राहते फक्त मेमरीत. बटण बंद केलं की पुसली. नाशिकला आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जायची, तेव्हा बटण बंद करायचीही गरज नसे. एकदा दादाचा विक्रम असा गेला आणि तो जेवला नाही. त्या संध्याकाळी बाबांनी दोनशे पानी वही आणून दिली.

ही वही गेल्या वर्षी आईच्या कपाटात सापडली. पाच गेम, सात खेळाडू: आम्ही तिघं, आतेभाऊ आणि वाड्यातली तीन मुलं. वाचताना वाटलं, हे आकडे नुसते आठवण म्हणून ठेवायचे नाहीत. जगात आजही ह्या गेमचे स्कोअर जमा करणारी माणसं आहेत, नियमांनी तपासणारी आहेत. आपली वही त्या नियमांपुढे उभी करून बघायची.

सुरुवात फोनपासून केली. बाकीच्या सहाही जणांशी बोललो. वाड्यातल्या एकाला जेटपॅक हा गेम आठवत होता, पण आपण कधी वहीत सही केली हे आठवत नव्हतं. आतेभावाने मात्र मी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मॅनिक मायनरचा माझा तो आकडा खोड. मी पोक मारला होता." पोक ३५१३६,० ही ओळ तेव्हा पोरांना पाढ्यासारखी पाठ असायची. मेमरीतल्या त्या पत्त्यावर शून्य टाकलं की लाइफ कमी करणारी सूचनाच निकामी होते, आणि मग गेममधला नायक विली कितीही वेळा मेला तरी खेळ चालू राहतो. इतकी वर्षं हे त्याच्या मनात होतं. मी नोंद खोडली नाही, समोर "पोक वापरून" असं लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी एक शर्तींचा रकाना आला: कुठल्या यंत्रावर, कीबोर्ड की जॉयस्टिक, गेमची प्रत कुठली, साक्षीदार कोण, पुरावा काय.

पुराव्याच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे रेघच ओढावी लागली. ताईच्या नोंदीपुढे मात्र एक फोटो होता.

त्या काळी स्कोअर सिद्ध करायचा म्हणजे टीव्हीचा फोटो काढायचा. अमेरिकेत ॲक्टिव्हिजन कंपनी असे फोटो पाठवणाऱ्यांना कापडी बिल्ले द्यायची. ब्रिटनमधल्या 'क्रॅश' मासिकात वाचकांच्या स्कोअरचं पान असायचं, त्याचं नाव 'हॉल ऑफ स्लाइम'. आम्हाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण बाबांनाही तेच सुचलं होतं. अल्बममधल्या त्या फोटोत पडद्याचा वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खालचा काळा पडलेला आहे. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला ५० वेळा अर्धं अर्धं चित्र रंगवते. शटर त्याहून लवकर मिटलं की चित्र पुरतं उमटत नाही. सुदैवाने चकी एगचा स्कोअर वरच्या बाजूला असतो. भिंग लावून वाचला: १,०४,८७०. वहीशी तंतोतंत जुळला.

मी तो स्कॅन करून इंग्लंडमधल्या एका अनुभवी तपासनिसांकडे पाठवला. त्यांचं उत्तर सौम्य होतं, पण स्पष्ट होतं. फोटो आकडा दाखवतो, खेळ दाखवत नाही. नकार वाचून वाईट वाटलं. पण त्यांचं बरोबर होतं, हे मला मनापासून मान्य आहे. ॲटारी २६०० ह्या गेम-यंत्रावरच्या ड्रॅगस्टर ह्या गेमचा ५.५१ सेकंदांचा विक्रम १९८२पासून मानला जात होता. नंतर गेमचा कोड उलगडून एकेका क्षणाचा हिशेब केला, तर ५.५७च्या खाली जाणं शक्यच नाही असं निघालं, आणि २०१८मध्ये तो विक्रम काढून टाकला गेला. इतका नावाजलेला आकडा जर हिशेबाला उभा करतात, तर आमच्या ताईचा का नको?

मग ठरवलं, जुनं यंत्र आणि जुन्या कॅसेट जिवंत करायच्या.

यंत्र सुरू करायच्या आधीच एक घात होता होता टळला. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण त्याच्या पिनमध्ये उणे टोक आत आणि अधिक टोक बाहेर असतं. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात मी तसलाच घेऊन निघालो होतो. काउंटरवरच्या काकांनी पेटी उलटी करून खालचं चिन्ह पाहिलं आणि मला थांबवलं. त्यांनीच पुढे यंत्र उघडलं. पडद्यावर नुसते उभे पट्टे येत होते. पहिली १६ किलोबाइट मेमरी ४११६ जातीच्या आठ चिपमध्ये असते, आणि तिला ५, १२ आणि उणे ५ असे तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात. उणे ५ गेला की चिप जळायला लागतात. आमच्या दोन गेल्या होत्या. त्या बदलल्या. कीबोर्डच्या आतला प्लास्टिकचा पापुद्रा कडक होऊन तुटला होता, तो नवा मागवला. टीव्हीसाठी अँटेनाची वाट सोडून आतूनच सरळ व्हिडिओची तार काढली. खर्च बराच झाला. जो दिवस आठवतो तो असा, की उभ्या पट्ट्यांऐवजी पांढरा पडदा आला, खाली १९८२ सालची सिंक्लेअरची ती ओळ उमटली, आणि मला दुकानातच भरून आलं.

कॅसेटने जास्त छळलं. डेकचा रबरी पट्टा चिघळून डांबरासारखा झाला होता. तो बदलला, हेड साफ केलं, आणि स्क्रू अगदी पाव पाव फिरवत हेडचा कोन जुळवला. स्पेक्ट्रमच्या टेपवर शून्य म्हणजे दोन आखूड ठोके आणि एक म्हणजे त्याच्या दुप्पट लांबीचे दोन. सेकंदाला साधारण १५०० बिट. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. तो जुळला नाही की "आर टेप लोडिंग एरर", आणि पाच मिनिटांची तपश्चर्या वाया. मी टेप सरळ लॅपटॉपवर रेकॉर्ड केली आणि फाइल तयार केली. चकी एग अकराव्या प्रयत्नाला पूर्ण उतरला.

ह्या कॅसेटची गरज मला का पडली, ते वेगळंच आहे. दरम्यान मी स्वतः एक स्कोअर पाठवून पाहिला होता. प्रक्रिया समजून घ्यायला तोच सरळ मार्ग होता. आजकाल एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खेळ 'आरझेडएक्स' फाइलमध्ये नोंदवतात. हा व्हिडिओ नसतो. सुरुवातीच्या मेमरीची प्रत घेतात, आणि पुढे पडद्यावरच्या एकेका चित्रागणिक गेमने कीबोर्डकडून काय वाचलं ते लिहून ठेवतात. तीच फाइल दुसऱ्याने चालवली की तोच खेळ, त्याच चुकांसकट, पुन्हा घडतो. फाइल एखाद्या मोबाइलच्या फोटोहून लहान, पण त्यातून पूर्ण डाव तपासता येतो. मला हे फार सुंदर वाटतं. टीव्हीच्या फोटोला जे जमलं नव्हतं, ते इथे जमतं.

माझी पहिली नोंद परत आली. मी इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या प्रतीत सुरुवातीला पोक हवा का असा प्रश्न येत होता. मी "नको" निवडलं होतं, पण प्रत मूळची नव्हती, आणि सुरुवातीची मेमरी ताडून पाहिल्यावर तो फरक लगेच दिसला. दुसऱ्या वेळी फ्यूज ह्या एम्युलेटरची स्पर्धेसाठीची पद्धत वापरली. त्यात मेनू उघडायचा नाही, मधूनच जतन केलेली स्थिती चढवायची नाही, आणि वेग मूळ यंत्राच्या वेगापासून ५ टक्क्यांपेक्षा हलला तर प्रोग्रॅम बंद. माझा जुना लॅपटॉप सातव्या लेव्हलला अडखळला आणि पस्तीस मिनिटांचा डाव तिथेच संपला. तिसऱ्या वेळी लॅपटॉपवरचं बाकी सगळं बंद केलं, वायफायसुद्धा, आणि आमच्याच कॅसेटवरून उतरवलेली प्रत घेतली. ४३,९६०. स्वीकारला.

आणि त्या तपासणीत एक गोष्ट कळली. आमच्या कॅसेटवरची प्रत मूळ गेमशी बाइटन् बाइट जुळते. म्हणजे १९९०च्या त्या शनिवारी ताई ज्या कॅसेटवर खेळली, तीत कुणी ढवळाढवळ केलेली नव्हती.

मी लगेच ताईला सांगलीला फोन लावला. ती म्हणाली, "मग आता धरतील का?" मी म्हटलं, नाही. कॅसेट स्वच्छ, फोटो जुळतो, साक्षीदार आहे, तरी खेळ कुणी पाहिलेला नाही. तिला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "दादाने पाहिला होता ना. बदक सुटल्यावर तो ओरडत होता, वर जा, वर जा." चकी एगच्या पहिल्या आठ लेव्हलमध्ये नुसत्या कोंबड्या असतात. नवव्या लेव्हलला पिंजऱ्यातलं मोठं बदक सुटतं आणि सरळ अंगावर येतं. ज्याने ते पाहिलंय तोच हे सांगू शकतो. मला पुरावा पुरला. पण यादी माझ्या एकट्याची नाही, म्हणून मी दोन भाग केले: एक तपासलेल्या नोंदींचा, दुसरा वहीतल्या नोंदींचा. ताईची नोंद दुसऱ्या भागात सगळ्यात वर आहे, फोटो आणि शर्तींसकट.

नाताळच्या सुट्टीत ताई आली. तिने आधी खऱ्या यंत्रावर दोन दिवस हात बसवला, मग लॅपटॉपवर. शिडीवर अर्ध्यात उडी मारून दाणे टिपायची तिची जुनी सवय तशीच होती. दाणा खाल्ला की वेळेचं घड्याळ जरा थांबतं, हे तिच्या बोटांना अजून माहीत होतं. मी मागे बसून होतो, एक शब्द बोललो नाही. दहाव्या लेव्हलला बदकाने तिची शेवटची लाइफ घेतली. ६१,२४०. तिने स्वतःच फाइल पाठवली, पाच दिवसांनी ती स्वीकारल्याचं कळलं. वहीत मी नवं पान उघडलं, तिने सही केली, मी साक्षीदार.

६३पैकी २२ नोंदींचे शर्तींचे रकाने आता भरून झालेत. दादाची मॅनिक मायनरची कॅसेट बाकी होती. तिच्या टेपला एक घडी पडली आहे आणि नेमक्या त्याच जागी पडताळणी फसायची. काल रात्री हेडचा कोन पुन्हा जुळवला, डाव्या चॅनलचाच आवाज घेतला आणि टेप फिरवली. निळे-पिवळे पट्टे घडीच्या जागेवरून न थांबता पुढे सरकले, आणि पडद्यावर मोठाल्या अक्षरांत आळीपाळीने लुकलुकायला लागलं: मॅनिक, मायनर, मॅनिक, मायनर. दादाला उठवायला फोन हातात घेतला तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्याने पहिल्या रिंगला उचलला.