क्यू लावताना

आज फोर्टच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात दिवसभर जीडीएसमधले, म्हणजे विमान बुकिंगच्या संगणक प्रणालीतले, क्यू (कामांच्या याद्या) लावत बसले होते. विमान कंपनीने वेळ बदलली, वेटलिस्ट कन्फर्म झाली, तिकिटाची मुदत संपत आली, की पीएनआर, म्हणजे प्रवाशाच्या बुकिंगची नोंद, आपोआप क्यूवर येऊन पडतो. आमच्याकडे हे सगळं एकाच ठिकाणी साचत होतं. आता प्रत्येक प्रकाराचा क्यू वेगळा आणि त्याला जबाबदार माणूस ठरलेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेळबदलावर. टीके (नव्या वेळेसह कन्फर्म) कोड आला की आमचा रोबोट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तो स्वीकारून एचके (कन्फर्म) करतो, प्रवाशाला मेल जातो. १०-१५ मिनिटांच्या फरकाला हे उत्तमच. पण आज एका आजी-आजोबांचं मुंबई-दुबई-लंडन समोर आलं. पहिली फ्लाइट पुढे ढकललेली, दुसरी आहे तिथेच. दुबईत विमान बदलायला जेमतेम ४० मिनिटं, त्यात आजींना व्हीलचेअर. यंत्राच्या लेखी मात्र सगळं आलबेल. म्हणून नियमच घातला: कनेक्शन किमान वेळेपेक्षा कमी झालं किंवा व्हीलचेअरची विनंती असली, तर रोबोटने हात लावायचा नाही, पीएनआर थेट माणसाकडे. ऑफिसातल्या मॅडमनी विमान कंपनीशी बोलून दोघांना आधीच्या फ्लाइटवर घेतलं. त्यांच्या मुलाला मी स्वतः फोन केला.

तिकिटाच्या मुदतीचा इशाराही आता आदल्या संध्याकाळऐवजी आदल्या दिवशी सकाळीच येईल. पैसे भरायला गिऱ्हाईकाला अख्खा दिवस मिळतो, काउंटरवरच्या पोरांची नेहमीची लोकलही चुकत नाही.

उद्या यूएनचा, म्हणजे रद्द झालेल्या फ्लाइटांचा क्यू. तिथे नुसत्या मेलवर भागवायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. ज्याची फ्लाइटच रद्द झाली, त्याला फोन गेलाच पाहिजे.