जुन्या कपड्यांच्या बाजारात : आधी आतली बाजू बघा

रविवारी मी आणि बहीण जुन्या बाजारात पोहोचलो तेव्हा निम्म्या विक्रेत्यांची गाठोडी अजून सुटायची होती. कपडे घ्यायचे असतील तर हीच वेळ साधा. चांगला माल लवकर उचलला जातो हे खरंच, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण म्हणजे उजेड. सकाळच्या तिरप्या उन्हात विरलेलं कापड, पुसट डाग, रफू केलेली जागा हे सगळं स्वच्छ दिसतं. रंगीत ताडपत्रीखाली गडद निळा आणि काळा यांतला फरकही कळत नाही. कपडा आवडला की विक्रेत्याला विचारून तो उघड्यावर न्या आणि उजेडासमोर धरा. जिथे सूत झिजलंय तिथून प्रकाश जास्त येतो.

जाताना अंगाला नीट बसणारे साधे कपडे घालावेत, म्हणजे कोट किंवा ड्रेस वरूनच चढवून बघता येतो. कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही. मोजायची टेप हवीच. घरी जो शर्ट, जी पँट तुम्हाला उत्तम बसते ती सपाट पसरून छाती, खांदा, कंबर, बाही, उंची मोजून घ्या आणि आकडे फोनमध्ये ठेवा. जुन्या लेबलावरच्या साइझवर अजिबात जाऊ नका. अमेरिकेत स्त्रियांच्या कपड्यांच्या मापांचं एक प्रमाण १९५८ मध्ये ठरलं होतं, ते १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापले आकडे चालवले आणि ते ढिले होत गेले. त्यामुळे पन्नासच्या दशकातला बारा नंबरचा ड्रेस आजच्या बारापेक्षा बराच लहान निघतो.

आम्ही हँगरवर टांगलेल्या रांगांपेक्षा ढिगांकडे जास्त वेळ दिला. ढिगात डोळ्यांआधी हात चालवावा. सुती, लोकरी, रेशमी आणि सिंथेटिक कापडाचा पोत थोड्या सवयीने बोटांना कळू लागतो. हाताला बरं वाटलेलं काहीही बाहेर काढलं की लगेच उलटं करायचं. कपड्याचं वय, त्याची शिलाई, त्याची आजारपणं सगळं आतल्या बाजूला असतं, आणि बहुतेक गिऱ्हाइकं तिकडे बघतच नाहीत.

बहिणीला एक हिरवा ड्रेस सापडला. बगलेखाली धातूची चेन, आत पुरेशी माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, सोडलेली, शिवणीच्या कडा मशीनने ओव्हरलॉक न करता हाताने टाके घालून बांधलेल्या. अशा खुणा एकत्र आल्या की जुनेपणाची शक्यता वाढते. नायलॉनच्या चेन साठच्या दशकापासून सर्रास झाल्या. पण एका चेनवर निर्णय घेऊ नका, कारण चेन बदलता येते. तिच्या कडेने जुन्या टाक्यांची रिकामी भोकं दिसतात का ते तपासा. लेबलही वाचा. लायक्रासारखा ताणला जाणारा धागा १९५८ मध्ये तयार झाला, तेव्हा तो ज्या कपड्यात आहे तो चाळीसच्या दशकातला असू शकत नाही. शुद्ध लोकरीची ग्वाही देणारं, गुंड्यासारखं वूलमार्कचं चिन्ह १९६४ चं. धुण्याच्या सूचनांची पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली. लीव्हाइसच्या जीन्सच्या मागच्या खिशावरची लाल पट्टी १९३६ मध्ये आली, आणि १९७१ पर्यंत तिच्यावरची सगळी अक्षरं, ई धरून, कॅपिटल होती. त्या जुन्या पट्टीच्या नव्या आवृत्त्याही कंपनीने काढल्या आहेत, म्हणून बाकीच्या खुणा जुळल्याशिवाय जास्त पैसे मोजू नका.

हिरव्या ड्रेसमधली ती माया फार कामाची. कमरेला थोडा तंग असलेला कपडा त्यामुळे ढिला करता येतो. मात्र शिवण उसवल्यावर जुन्या टाक्यांची रेघ आणि आतलं न विटलेलं कापड बाहेर येईल, ते चालणार आहे का याचा विचार बाजारातच करा.

पुढे एक सुंदर रेशमी ब्लाउज होता, फारच जुना. मी तो परत ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशमाचं वजन वाढवायला त्यावर कथिलासारख्या धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करत, कारण धाग्यावरचा नैसर्गिक डिंक धुऊन काढल्यावर रेशीम हलकं होतं. ते क्षार धागा आतून ठिसूळ करतात. असं रेशीम घडीवर उभं चिरत जातं आणि त्यावर इलाज नाही. एक चीर सांधली की शेजारी दुसरी पडते.

लोकरी कपड्यांना कसर लागली आहे का ते कॉलरखाली, खिशात आणि बाहीच्या दुमडीत बघा. पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला अंधारी, मळकी जागा आवडते. एखादं भोक रफू होतं. दहा ठिकाणी भोकं आणि जोडीला रेतीसारखे कण दिसले तर तो कपडा घरात आणू नये, बाकीच्या लोकरीलाही धोका. बगलेत घामाने कडक झालेलं कापडही सोडून द्या. तुटलेलं बटण, उसवलेली दुमड, फाटलेलं अस्तर यांना मात्र घाबरायचं कारण नाही. पण आकसून जाड झालेला लोकरी स्वेटर घेऊ नका, तो पूर्ववत होत नाही.

दुपारकडे आम्ही हाताने केलेल्या वस्तूंच्या रांगेत गेलो आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. भरतकाम उलटून बघा. मशीनच्या भरतकामात मागे बहुधा एकसारखा पांढरा दोरा आणि कागदासारखं अस्तर असतं. हाताच्या कामात मागेही तेच रंग, गाठी, एका फुलावरून दुसऱ्यावर गेलेले दोरे दिसतात. हातमागाच्या कापडाच्या काठाशी बारीक भोकांची ओळ असू शकते, विणताना पन्हा ताणून धरायच्या पट्टीच्या दातांची. ठशाच्या छपाईत दोन ठसे जुळतात तिथे रंग किंचित चढतो किंवा फट राहते. मशीनवरच्या नकलेत अशा चुकाही छापून ठेवतात, पण तीच चूक तेवढ्याच अंतरावर पुन्हा भेटते. हाताची चूक पुन्हा तशीच होत नाही.

क्रोशाच्या शाली विकणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, "काकू, एका शालीला किती दिवस लागतात?"

"सलग बसले तर आठवडा. पण सलग बसू देतंय कोण?" म्हणत त्यांनी शालीची कड उलटून दाखवली.

खरा क्रोशा करणारं मशीन अजून कारखान्यांत आलेलं नाही. मशीनवर होते ती दिसायला तशी वाटणारी वेगळी वीण. म्हणजे अगदी स्वस्तात विकला जाणारा खरा क्रोशा कुणाच्या तरी हातांनीच झालेला आहे, आणि त्या हातांना त्याचे पैसे नीट मिळालेले नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे : जुन्या कपड्यावर, त्यातला दोष दाखवून, जरूर घासाघीस करा; करणारी व्यक्ती समोर बसली असेल तर भाव पाडू नका. परवडत नसेल तर कौतुक करून पुढे जा. काकूंकडून मी एक राखी रंगाची शाल घेतली, त्यांनी सांगितलेल्या भावाला. सुट्टे पैसे जवळ असले की दोघांचीही सोय होते.

घरी आल्यावर नवं-जुनं एकत्र ठेवू नका. लोकरी कपडे प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवले की अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कापडावर दव धरतं. कापड कशाचं याची शंका असेल तर आतल्या मायेतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, बाजारात नव्हे, घरी मोरीत. सूत कागदासारखं जळतं, लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखे वास मारतात आणि राखेचा चुरा होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. धुण्याआधी ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर दाबून रंग जातो का ते बघा. डांबरगोळ्यांचा वास धुऊन लगेच जात नाही, बरेच दिवस सावलीत वाऱ्यावर टाकावं लागतं. आणि स्वेटर, क्रोशाची शाल कधी टांगू नका; स्वतःच्याच वजनाने ती ओघळते, घडी करून ठेवा.