फुकटचा उतार

भाचीने पाठवलेल्या आमच्या सायकल-सहलीच्या तक्त्यात ‘चढ’ असा एक रकाना होता आणि पहिल्या तीन दिवसांसमोर त्यात शून्य लिहिलं होतं. शेजारच्या ‘उतार’च्या रकान्यात मात्र ४,००० मीटर, ४,५०० मीटर असे घसघशीत आकडे. जेवण झालं होतं, डोळे मिटायला लागले होते, ते खाडकन उघडले. लगेच फोन लावला.

“अगं, इतकं खाली यायचं तर आधी वर कुणी जायचं?”

“लिफ्टने जायचं, मावशी. सायकल पण लिफ्टमध्येच.”

“आणि मग?”

“मग खाली. मग परत लिफ्ट.”

भाची म्युनिकला असते. आल्प्समध्ये माउंटन बायकिंग करू या हा घोशा माझा, बाकी सगळी जुळवाजुळव तिची. ठिकाणही तिनेच काढलं. रेशेन खिंड, साधारण १,५०० मीटर उंचीवर. अलीकडे ऑस्ट्रियातलं नाउडर्स, पलीकडे इटली, आणि जरा वाकडी वाट केली की स्वित्झर्लंड. नाउडर्सला लिफ्ट, पलीकडे श्योनेबेनला लिफ्ट, हाइडरआल्मला लिफ्ट. हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर नेणारे हेच पाळणे उन्हाळ्यात सायकली वाहतात. दिवसभराचा पास काढायचा आणि बसायचं वरखाली करत. तीन देशांच्या डोंगरांवरून दिवसभर घरंगळायचं आणि संध्याकाळी मांड्या ठणकत नाहीत! मला हे काही पटेना.

आमचं लहानपण साताऱ्याचं. तिथे सायकल तासावर भाड्याने मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि दर वेळी न चुकता बजावायचा, घाटात न्यायची नाही. घाट म्हणजे यवतेश्वरचा. उतारावर ब्रेकची रबरं झिजतात म्हणून त्याला राग. आम्ही अर्थातच थेट घाटात. तोवर मला हाफ पायडलच यायचं, दांडीच्या आतून पाय घालून. पण उताराला पायडल लागतंय कुणाला?

नियम दादाचा. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, आमच्यात मोठा. सायकली दोन आणि आम्ही चौघं-पाचजण. नियम असा, की जो वरपर्यंत ढकलत नेईल तोच खाली बसून येईल. मध्येच दम लागला, हात सोडले, की त्याने चालत परत यायचं. त्या लोखंडी सायकली अशा जड, की दुसऱ्या वळणापर्यंत तळहात लाल. उन्हात हँडल तापलेलं. रस्त्याकडेला कुणीतरी करवंदं विकत बसलेलं असायचं, तिकडे बघायचंसुद्धा नाही, कारण बघितलं की पाय थांबतात. आणि वर पोचल्यावर खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि तुमच्या हातात सायकल. त्या क्षणी ती सायकल भाड्याची नसायची.

मग उतार. फ्रॉक फुग्यासारखा फुगलेला, डोळ्यांतून पाणी, काड्यांचे ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर आणि जळक्या रबराचा वास. खाली आल्यावर पहिलं काम म्हणजे रिमवर पाणी ओतायचं. कारण दुकानदार सायकल परत घेताना रिमला हात लावून बघायचा. गरम लागली की घाट कळला. पाणी पडलं की चर्र आवाज यायचा. एकदा त्याने हात लावला, रिम गार होती पण ओली, आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही. त्याने आमच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि जास्तीच्या अर्ध्या तासाचे पैसे लावले.

तर अशा घाटावर वाढलेल्या बाईला शून्य चढ दाखवायचा नाही. मी भाचीला सांगितलं, चौथा दिवस माझा. आणि नकाशा उघडला.

नकाशा बघत बसणं हे माझं जुनं व्यसन आहे, त्यासाठी प्रवासाला जायलाच हवं असं नाही. स्विस नकाशे तर बघत राहावेत असे. पंचवीस हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात आल्प्सच्या भागात दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा विरळ असल्या की सायकलवर बसायचं, दाटल्या की उतरायचं. एका जागी त्या इतक्या दाटल्या होत्या की रेषा संपून नुसता काळा कातळच काढला होता, आणि त्या कातळातून एक वाट जात होती. ही उइनाची घळ. स्वित्झर्लंडमधल्या सुर एन गावातून निघायचं, घळीतून वर चढायचं आणि श्लिनिग खिंडीवरून इटलीत उतरायचं. खिंड २,३०९ मीटरवर. म्हणजे गावापासून जवळजवळ १,२०० मीटर चढ, साधारण चार अजिंक्यतारे. घळीतली वाट १९०८ ते १९१० या काळात जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या गिर्यारोहक मंडळींनी कातळ फोडून काढून घेतली. एका अंगाला भिंत, डोक्यावरही खडक, दुसऱ्या अंगाला काही नाही. तिथे सायकल चालवायची नसते, हाताने ढकलत न्यायची. हे वाचलं आणि जीव सुखावला. ढकलणं मला येतं.

सायकलवरून आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत जाणाऱ्या कितीतरी मंडळींची वाट याच घळीतून जाते. तो नादच मुळात खांद्यावर सायकल घेण्यापासून सुरू झालेला. १९९०च्या आसपास आंडी हेकमायरने जर्मनीतल्या ओबरस्टडोर्फहून गार्डाकाठच्या रीवापर्यंतची वाट घालून दिली, तिच्यात श्रोफेन खिंडीतून सायकल उचलून न्यावी लागते. बाप १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर पहिल्यांदा चढलेल्या चौघांपैकी एक; पोराला लिफ्टची आठवण कशाला होईल? हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, “ई-बाइक घेऊ या का तुझ्यासाठी?” मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अर्थात पुन्हा लावला. प्रवास ठरवण्यातली अर्धी मजा या भांडणांतच असते. जूनअखेरपर्यंत घळीत बर्फ राहू शकतं, म्हणून तारखा जुलैच्या पुढे. ऑस्ट्रियात जंगलातून पायी फिरायला मोकळीक, पण सायकलला जमीनमालकाची परवानगी लागते, १९७५च्या वनकायद्यापासून. म्हणून तिथे खुणा केलेल्या वाटाच धरायच्या. कुरणात मेंढरं राखणारे पांढरे दांडगे कुत्रे असले तर खाली उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि हळू चालायचं. हा सल्ला मी पुण्यातल्या आमच्या गल्लीत वापरून पाहिला, बरा चालतो.

तिच्या तीन दिवसांतही बघण्यासारखं आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्लामोर्टच्या पठारावर रणगाडे अडवायला रोवलेले खुंट अजून ओळीने उभे आहेत आणि सायकलची वाट खालच्या बंकरांजवळून उतरते. मुसोलिनीने ते सगळं बांधलं ते दोस्त हिटलर याच वाटेने आला तर, म्हणून. खाली रेशेनचं सरोवर आणि पाण्यातून वर आलेला ग्राउनच्या चर्चचा मनोरा. १९५० मध्ये धरणाचं पाणी चढलं आणि गाव गेलं, मनोरा तेवढा ठेवला. लोक त्याच्यासमोर सायकली लावून फोटो काढतात. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ बाहेर येतं, तेव्हा आपणही काढतोच. फोटोत गाव नसतं, दोन्हीकडे.

मग विम्याची कागदपत्रं आली. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढला. बारीक अक्षरांत साहसी खेळ वगळलेले निघाले, म्हणून वेगळा काढला. भाची म्हणाली, स्वित्झर्लंडमध्ये रेगा या बचाव संस्थेची हेलिकॉप्टरं येतात डोंगरातून उचलायला, त्यांना वर्षाची देणगी भरून ठेवू. मी म्हटलं, इतकं कशाला, मी काय उड्या मारणार आहे? तेव्हा ती पहिल्यांदाच न हसता बोलली.

“मावशी, चढताना कुणी फारसं पडत नाही. चढून दमल्यावर उतरताना पडतात. हातांत जोर राहत नाही, ब्रेकवरचं बोट उशिरा वळतं. म्हणून मी आधी लिफ्टचे तीन दिवस ठेवलेत. तू उतरायला शीक. चढ तुला येतोच.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ढकलून मिळवलेला उतारच खरा, असं इतकी वर्षं धरून बसले होते. दमलेल्या हातांचा विचार त्यात कुठे नव्हताच. बारा वर्षांच्या हातांना तो करावाही लागत नाही.

शेवटी कराडला दादाला फोन लावला. म्हटलं, नियम करणाऱ्यालाच विचारावं.

“कसला नियम?” दादा म्हणाला.

मी आठवण करून दिली. जो ढकलील तो बसेल. तो इतका हसला की खोकला लागला. “अगं, सायकली दोन होत्या! तुम्हा चिल्लीपिल्लींना दमवून निम्म्यात परत पाठवल्याशिवाय माझ्या वाट्याला सलग उतार कसा आला असता? तू एकटीच ती चिवट, वरपर्यंत यायचीस. फार वैताग द्यायचीस.”

मग त्याने लिफ्टचा पास केवढ्याला पडतो ते विचारलं. सांगितलं. रुपयांत किती, ते विचारलं. तेही सांगितलं.

“एवढ्या पैशात दिवसभर कितीही वेळा वर जायचं?” थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “तिसरी सायकल मिळेल का गं तिथे?”