तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे बाखकडेच का जातात?

पियानो शिकवते म्हणून पालक मला नेहमी विचारतात, की मोझार्ट-बेथोवन ठीक आहेत, पण हा जर्मन संगीतकार बाख कशाला, तो तर 1750 मध्येच गेला, पुढे त्याच्याहून प्रसिद्ध लोक झाले, आणि तेसुद्धा म्हणे त्याच्याचकडे जायचे, तर त्यांना तिथे मिळायचं तरी काय?

मला वाटतं त्यांना काम मिळायचं. समोर मांडून, हाताने करायचं काम.

मोझार्टचंच बघा ना. 1782 मध्ये व्हिएन्नात तो दर रविवारी बॅरन व्हान स्वीटन या संगीतप्रेमी सरदाराच्या घरी जायचा, तिथे बाख आणि त्याच्याच काळातला हँडल यांचं संगीत वाजायचं, आणि त्याने नुसतं ऐकलं नाही तर बाखचे फ्यूग घेऊन ते चार तंतुवाद्यांसाठी बसवले. फ्यूग म्हणजे एक धून एका आवाजात सुरू होते, मग दुसरा आवाज तीच धून वेगळ्या स्वरावरून उचलतो आणि पहिला थांबत नाही, तो आपलं पुढे बोलतच राहतो, मग तिसरा येतो. हे कानाला गोड लागतं पण कसं केलंय ते एकेक आवाज सुटा करून बघितल्याशिवाय कळत नाही. 1789 मध्ये मोझार्ट लाइपझिगला गेला, जिथे बाखने 27 वर्षं नोकरी केली, तिथल्या मुलांनी त्याला बाखचं आठ आवाजांचं एक मोटेट, म्हणजे समूहाने गायचं धार्मिक गाणं, गाऊन दाखवलं. एकत्र लिहिलेली प्रत नव्हतीच, प्रत्येक आवाजाचे कागद वेगळे. रॉखलिट्स नावाच्या संगीतलेखकाने लिहून ठेवलंय की मोझार्टने ते सगळे हातात, गुडघ्यांवर, आजूबाजूच्या खुर्च्यांवर पसरले आणि सगळं वाचून होईपर्यंत तो उठला नाही. तोवर त्याची ज्युपिटर सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची त्याची शेवटची मोठी रचनासुद्धा लिहून झाली होती हो! मला हे फार मोठं वाटतं.

पुढच्या शतकातल्या ब्राम्स या जर्मन संगीतकाराने 1877 च्या सुमारास बाखची एकट्या व्हायोलिनसाठीची शाकोन नावाची रचना पियानोवर आणली ती फक्त डाव्या हातासाठी, कारण चार तारांवर एवढं सगळं उभं करताना व्हायोलिनवाल्याला जी अडचण होते ती त्याला स्वतःच्या हातात हवी होती.

आणि रशियन संगीतकार शोस्ताकोविच. 1948 मध्ये त्याच्या संगीतावर सोव्हिएत सरकारने जाहीर टीका केलेली, आणि 1950 मध्ये बाखच्या दोनशेव्या पुण्यतिथीच्या स्पर्धेला तो परीक्षक म्हणून लाइपझिगला गेला. तिथे तात्याना निकोलायेवा या पियानोवादिकेने बाख वाजवला, ती जिंकली, आणि हा घरी येऊन काही महिन्यांत स्वतःचे 24 प्रेल्यूड (फ्यूगच्या आधी वाजणारे छोटे तुकडे) आणि फ्यूग लिहून मोकळा झाला, जे पुढे तिनेच पहिल्यांदा सगळे वाजवले. रचना बाखच्या पद्धतीची, पण ऐकलं की शोस्ताकोविचच ऐकू येतो, त्यात बाखची नक्कल कुठेच नाही.

बाख स्वतःही असाच शिकला, इटालियन संगीतकार विवाल्डीच्या कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) कीबोर्डवर बसवून. आणि 1723 मध्ये त्याने इन्व्हेन्शन्स या शिकणाऱ्यांसाठीच्या छोट्या रचनांच्या पहिल्या पानावर लिहिलं की यातून दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिका आणि रचना कशी करतात त्याचीही चव घ्या. म्हणून तुमच्या मुलांना मी त्या लवकर देते. तिथे डावा हात नुसती साथ करत बसत नाही, त्याला स्वतःची धून असते, आणि मुलं ती आधी एकटी वाजवतात, मग गातात, मग दोन्ही हात एकत्र.