डेट्रॉईटच्या बेल्जियन बारमध्ये पिसाचा डाव

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईटच्या पूर्व टोकाला, ग्रोस पॉईंटच्या हद्दीजवळ कॅड्यू रोड लागतो. स्पेलिंग फ्रेंच असलं तरी इथली मंडळी त्याला सरळ 'कॅजू' म्हणतात. याच रस्त्यावर कॅड्यू कॅफे आहे. नावात कॅफे असला तरी तो गल्लीतला बार आहे. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या हॉटेलात ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतात, तसं इथे चालतं. फक्त इथे चहाऐवजी बिअर असते आणि मागच्या बाजूला मातीच्या दोन लांबलचक पट्ट्या.

या पट्ट्या फेदर बोलिंगच्या, म्हणजे पिसावर नेम धरून चकत्या गडगडवण्याच्या खेळाच्या. हा खेळ बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला, तिथे त्याचे 'ट्राबोलन' आणि 'क्रुलबोल' असे प्रकार आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार कारखान्यांत कामाला आलेल्या फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या लोकांनी तो इथे आणला. फोर्डने दिवसाला 5 डॉलर मजुरी जाहीर केली ती जानेवारी 1914 मध्ये, आणि 'गझेट व्हान डेट्रॉईट' हे फ्लेमिश वृत्तपत्र निघालं तेही त्याच वर्षी. हे पत्र 2018 पर्यंत चाललं. मिशिगनमध्ये दारूबंदी मे 1918 मध्येच लागू झाली होती, म्हणजे देशापेक्षा जवळजवळ दोन वर्षं आधी. त्या काळात ही जागा चोरटा अड्डा होती. नदीपलीकडे कॅनडाचं विंडसर शहर आहे, त्यामुळे माल कुठून यायचा हे विचारायची गरज नाही. पुढे 1962 पासून बार एका बेल्जियन कुटुंबाकडे होता आणि 2019 मध्ये नव्या मालकांकडे गेला. पट्ट्या मात्र तशाच राहिल्या.

आता खेळ. पट्टी साधारण 60 ते 70 फूट लांब, घट्ट ठोकलेल्या मातीची, आणि आडव्या छेदात पन्हळीसारखी: मध्ये खोलगट, कडेला चढ. दोन्ही टोकांना मातीत एकेक पीस खोचलेलं असतं. चेंडू म्हणतात तो खरं तर चेंडू नाहीच. ती जाड लाकडी चकती असते, जात्याच्या तळीची छोटी आवृत्ती म्हणा. ती काठावर उभी धरून गडगडवायची. एका संघाला सहा चकत्या. सगळ्या टाकून झाल्या की ज्या संघाची चकती पिसाच्या सर्वांत जवळ, त्यालाच गुण: प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चकतीपेक्षा त्याच्या जितक्या चकत्या आत, तितके गुण. मग पलीकडच्या टोकाहून परत. दहा गुण झाले की डाव संपला.

नवखा माणूस हमखास जी चूक करतो ती म्हणजे सरळ पिसाकडे टाकणं. चकतीचे दोन काठ अगदी सारखे नसतात, त्यामुळे ती एका बाजूला ओढ घेते. त्यात जमीन पन्हळीसारखी. म्हणून ती एका कडेला चढते, उतरते, दुसऱ्या कडेला चढते आणि असं नागमोडी करत पुढे जाते. पहिल्या दोन चकत्या कुठे जातात ते नुसतं पाहा, कुठल्या बाजूला ओढतात ते लक्षात ठेवा आणि मग पिसाऐवजी कडेवरचा एखादा बिंदू धरून सोडा. चकती उलट्या बाजूने धरली की वळणही उलटं होतं, याचा फायदा घ्यायला शिकलात की अर्धा खेळ आला. गुडघे वाकवून, हात जमिनीलगत आणून सोडायची. उंचावरून आपटली तर ती उसळून भलतीकडे जातेच, शिवाय पट्टीला खड्डा पडतो आणि तो खड्डा पुढच्या प्रत्येकाला नडतो. नेहमीचे खेळाडू सगळं सहन करतील, हे करणार नाहीत. टाचांचे बूट घालून पट्टीवर चालणं हा दुसरा अपराध.

जोराबद्दल एक गोष्ट. माणसं घाबरून हळू टाकतात आणि चकती अर्ध्यात आडवी पडते. पट्टी लांब आहे, वळणं घेण्यात वेग जातो, त्यामुळे वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त जोर लागतो. पहिल्या तीन चकत्या पिसाजवळ मुक्काम करायला वापरा आणि शेवटच्या दोन प्रतिस्पर्ध्याची चांगली चकती उडवायला राखून ठेवा. गोट्या खेळताना नेमाने उडवायचा आनंद ज्यांना माहीत आहे, त्यांना हे शिकवावं लागत नाही. पिसाला धक्का लागला तर पीस वाकतं, पडतं, कोणी तरी जाऊन परत खोचतं. मोजमाप बहुतेक डोळ्यांनी, आणि खरी गंमत तिथेच. 'माझी जवळ' आणि 'छे, माझी' यावर जो वाद रंगतो, त्यासाठी माणसं पुन्हा येतात.

पट्ट्या दोनच असल्यामुळे आधी बुकिंग करा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. लीगची मंडळी खेळत असतील त्या संध्याकाळी पट्टी मिळायची आशा धरू नका. तेव्हा बाजूला बसून बघा, एका संध्याकाळी शिकायला मिळेल ते कुठल्या माहितीपत्रकात मिळत नाही.

खायला शिंपले, म्हणजे आपल्या कोकणातल्या शिनाण्यांचे भाऊबंद, पण काळ्या-निळ्या कवचाचे आणि लहान. बेल्जियन पद्धत अशी: लोणी, कांदा, सेलरी, वाटलं तर लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) हे मंद आचेवर नरम करायचं, वर शिंपले ओतून झाकण घट्ट लावायचं. पाणी जवळजवळ नाहीच, कारण शिंपल्यांतूनच भरपूर रस सुटतो. मीठही घालू नका, समुद्राचं खारटपण पुरेसं होतं. मोठ्या आचेवर चार ते सहा मिनिटं, मध्ये एकदा भांडं हलवायचं. कवचं उघडली की थांबा. दोन मिनिटं जास्त झाली तर मांस रबरासारखं होतं. शिजण्याआधी उघडा असलेला शिंपला टिचकी मारल्यावरही मिटत नसेल तर फेकून द्या, आणि शिजवूनही बंद राहिलेला तर तोही खाऊ नका. माणशी किलोभर शिंपले ऐकून डोळे विस्फारू नका, कवचं काढल्यावर मांस पाव किलोच्या आसपास उरतं. रिकाम्या कवचाची जोडी चिमट्यासारखी वापरून पुढचा शिंपला ओढायचा, ही खाण्याची इथली रीत आहे. घरी शिनाणे वापरणार असाल तर आकार मोठा म्हणून दोन मिनिटं जास्त लागतील.

सोबत बटाट्याचे तळलेले तुकडे. ते दोनदा तळतात: आधी 150-160 अंशांवर आतून शिजेपर्यंत, मग गार करून 175-180 अंशांवर रंग येईपर्यंत. एकदाच तळले तर बाहेर करपतात आणि आत कच्चे राहतात.

बिअरच्या बाबतीत सावध. आपल्याकडची किंगफिशर 4.8 टक्क्यांची. बेल्जियन ड्युव्हेल 8.5, वेस्टमाल ट्रिपल 9.5. चवीला दोन्ही इतक्या हलक्या लागतात की तिसऱ्या ग्लासाला उठताना कळतं. ड्युव्हेलसारखी बाटली ओतताना ग्लास तिरका धरून हळू ओता, शेवटी सरळ करा आणि दोन बोटं फेस येऊ द्या. तळाचा गाळ बाटलीतच राहू दिलेला बरा. प्रत्येक बिअरला स्वतःचा ग्लास असतो, त्यामागे फेस आणि वास टिकवण्याचा हिशेब आहे. नुसता मिरवण्याचा सोस समजू नका.

नोव्हाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना अंतर पाऊण तासाचं, आय-94 महामार्गावरून कॅड्यू रोडच्या एक्झिटला उतरायचं. पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ हवं, कारण 21 वर्षांची अट आहे आणि केस पांढरे असले तरी विचारतात. टिप 18 ते 20 टक्के. सार्वजनिक वाहतुकीवर भिस्त ठेवू नका. मिशिगनमध्ये गाडी चालवताना रक्तातील मद्याची मर्यादा 0.08 टक्के आहे, आणि ट्रिपलचे दोन ग्लास कित्येकांना तिथपर्यंत पोचवतात. त्यामुळे गटातला न पिणारा एक जण आधी ठरवा. पिसाजवळचा वाद सोडवायलाही तोच कामी येतो.