ओम्नीतले बिऱ्हाड

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले, तरी खानापूर-जांबोटीच्या रस्त्यांवर ती अजूनही दिसते, आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर सहकुटुंब मुक्कामाला जायचे तर आमच्या बेताच्या खिशाला परवडणारे बिऱ्हाड तिच्यातच थाटता येते. पैसा आधी अंथरुणावर खर्चावा, असे माझे ठाम मत आहे. मागचे बाक दुमडून त्यावर प्लायवूडची फळी टाकावी, तिच्या कडांना सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळावी म्हणजे खडखड होत नाही, आणि वर घरचीच वाकळ अंथरावी. शोभेचे पडदे मागाहून.

शेगडीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो, नुसती काच खाली करून भागत नाही. म्हणून स्वयंपाक गाडीबाहेर, उघड्यावरच करावा. दिव्यासाठी बारा व्होल्टची छोटी बॅटरी पुष्कळ झाली, कारण पाच वॅटचा एलईडी चार तास लावला तरी वीस वॅट-तासच खर्च होतात. आईला बॅटरीपेक्षा पाण्याचा कॅन महत्त्वाचा वाटतो, आणि उन्हाळ्यात सौंदत्तीला गेलेला कोणीही तिचेच म्हणणे उचलून धरील.