शब्दकोड्याच्या साइटचं काम: रंग बसले, डार्क मोड बाकी

आडवे-उभे शब्द, टायपिंग, अर्धवट कोडं सेव्ह होणं, एवढं मार्गी लागलंय. या खेपेला फक्त रंग.

लेखाच्या पानाला शाईचा एक रंग आणि मागचा एक रंग ठरला की काम संपतं. कोड्यात तसं होत नाही. एकच अक्षर कधी पांढऱ्या घरात असतं, कधी चालू शब्दाच्या पट्टीत, कधी कर्सरच्या घरात. त्यामुळे प्रत्येक शाई तिन्हींवर तपासावी लागते.

सुरुवात घराच्या कोपऱ्यातल्या आकड्यांपासून केली, सगळ्यात बारीक तेच म्हणून. बऱ्याच साइट्सवर दिसतो तो फिकट राखाडी (आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, तिन्ही १५३) पांढऱ्यावर २.८५ कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर, देतो. वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांची एए पातळी साध्या मजकुराला किमान ४.५ मागते. राखाडी ११८ वर ४.५४ मिळतात, ११९ वर ४.४८. एका पायरीने नापास! पण हाच ११८ चालू शब्दाच्या फिकट केशरी पट्टीवर (२५५, २२४, १७८) ठेवला की ३.५८ वर येतो. म्हणून थेट ८९ घेतला: पांढऱ्यावर ७, पट्टीवर ५.५.

कर्सरचं घर गडद केशरी, २५५, १५३, ५१. तिथे ८९ सुद्धा ३.३ वरच अडकतो. त्या एका घरापुरती आकड्यालाही अक्षराचीच शाई (तिन्ही ३४) दिली, ७.५ मिळाले. या केशरीवर पांढरी अक्षरं टाकायचा मोह होतो, पण आकडा येतो २.१३. मोठ्या अक्षरांना ३ ची सवलत आहे, त्यातही हे बसत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर खपून जातं, कारण तिथे अक्षरं फूटभर असतात आणि त्यांना काळी किनार असते.

केशरी डोळ्यांना भडक वाटतो, मग पांढऱ्यापुढे तो कमी का पडतो? कारण कॉन्ट्रास्टचं सूत्र रंगाचा उजळपणा मोजतं, भडकपणा नाही. त्यात हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२ वजन आहे. एचएसएलमध्ये (छटा, भडकपणा, उजळपणा अशा तीन आकड्यांत रंग सांगायची पद्धत) शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचीही लाइटनेस, म्हणजे उजळपणा, ५० टक्के दिसते. प्रत्यक्षात पांढऱ्यावर निळा ८.५९, पिवळा १.०७! एचएसएलच्या स्लायडरवर रंग निवडणं मी आता बंदच केलंय. सीएसएस या पानाच्या सजावटीच्या भाषेतलं ओकेएलसीएच वापरतो, डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळपणावर बेतलेली रंगपद्धत: आधी उजळपणा ठरवायचा, मग छटा फिरवायची. तेवढ्यानेही कॉन्ट्रास्ट तंतोतंत सारखा राहत नाही, शेवटी मोजावं लागतंच, पण निदान अंदाज धड येतो.

आता देवनागरीची गंमत. पांढऱ्यावर ३४ ची शाई म्हणजे जवळजवळ १६, कागदोपत्री उत्तम. पण मुक्ता फाँटच्या ३०० वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी), २० पिक्सेलला, ‘चि’ आणि ‘चिं’ पटकन वेगळे कळत नाहीत, आणि ‘र्थ’चा रफार राखाडी कुसळासारखा दिसतो. रेघ पिक्सेलपेक्षा बारीक झाली की ब्राउझर तिच्या कडा पार्श्वभूमीत मिसळतो, म्हणजे लिहिलेला रंग स्क्रीनवर पोचतच नाही. सूत्राला दोन रंग कळतात, रेघेची जाडी कळत नाही. ५०० वजन घेतलं, अनुस्वार ठसठशीत झाला. माझ्या मते देवनागरीत रंग बदलण्याआधी वजन बदलून बघावं.

चूक-बरोबर दाखवायला लाल आणि हिरवा सगळ्यांनाच आधी सुचतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं), रेंडरिंग टॅबमध्ये ड्यूटेरॅनोपिया, म्हणजे लाल-हिरव्यातला फरक न कळणारं रंगांधत्व, निवडून पाहिलं, तर दोन्ही मातकट. हिरवा काढूनच टाकला. चुकलेलं अक्षर गडद लाल (१७६, ०, ३२, पांढऱ्यावर ७.३) आणि घरावर एक तिरकी रेघ. फिकट पट्टी आणि पांढरं घर यांच्यात जेमतेम १.२७ चा फरक आहे, म्हणून चालू शब्दाभोवती गडद चौकटही आली. डब्ल्यूसीएजी २.१ पासून अशा खुणांना ३ लागतात.

राहता राहिला डार्क मोड. पान गडद केलं की कोड्यातली काळी घरं त्यात विरघळतात. घरं गडद राखाडी आणि बंद घरं त्याहून काळी करून पाहिली, पण जाळ्याचा आकारच कळत नाही. सध्याचा बेत असा: पान आणि सूचक वाक्यं गडद, जाळं मात्र उजळच, फक्त पांढऱ्याऐवजी थोडं मळकट. मळकट म्हणजे नक्की किती, हे ठरलं की सगळे आकडे पुन्हा काढायचेत.